पाळणा लांबवायचा, पण विचारायचं कोणाला?

(भोर येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझा विषय ‘कुटुंबनियोजन’ असा पुकारला तेव्हा मागच्या रांगेतली पोरं हसली. मी पाहिलं. हसायला हरकत नाही. घरात ज्यावर बोलता येत नाही, त्यावर चारचौघांत हसूच येतं.

भोर आणि वेल्ह्यात मी आरोग्याच्या कामासाठी बरीच वर्षं फिरले. त्यातला एक प्रसंग सांगते. वेल्ह्याकडच्या एका वाडीतली एकोणीस वर्षांची मुलगी. ती कुठल्या समाजाची हे सांगत नाही, कारण सगळ्याच समाजांत मी हे पाहिलंय. पहिलं बाळ नऊ महिन्यांचं, अंगावर पीत होतं. पाजत असताना दिवस जात नाहीत, असं तिला घरात सांगितलेलं. खरं तर हा भरवसा फार तर पहिल्या सहा महिन्यांपुरता, तोही बाळ फक्त आईच्या दुधावर असेल आणि पाळी परत आली नसेल तरच. तिला पुन्हा दिवस गेले. नवरा शिरवळच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं एका मेडिकलमधून गर्भ पाडायच्या गोळ्या आणल्या. ना डॉक्टरची चिठ्ठी, ना तपासणी. दोन दिवस रक्त जात राहिलं. तिसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात आणलं, तेव्हा ती डोळे उघडत नव्हती. वाचली.

नंतर मी त्याला विचारलं, “अरे, आधीच निरोध का नाही आणलास?”

“ताई, आमच्या इथला मेडिकलवाला चुलत्याचा दोस्त. संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं.”

त्या पोराला मी रागावले होते. आज वाटतं, रागवायला नको होतं. पुण्यात माणूस चार गल्ल्या ओलांडून अनोळखी दुकानात जातो. भोरच्या बाजारपेठेत अनोळखी कोण आहे? पानशेतच्या पाण्यामागच्या वाडीतून उपकेंद्रात जायचं तर एसटी चुकली की दिवस गेला, आणि गाडीत भेटणारी प्रत्येक मावशी विचारणार, “कुठं निघालीस गं?” निरोध आणि गोळ्या आशाताई घरपोच देतात. चांगली सोय आहे. पण आशाताई त्याच गावची, कुणाची तरी नणंद, कुणाची तरी जाऊ. म्हणून सांगते, तरुणांची पहिली गरज गुप्ततेची आहे.

दुसरी गोष्ट. आपल्या देशात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम 1952 साली सुरू झाला, पण लोकांच्या मनात त्याचा अर्थ उरला एकच, ऑपरेशन. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांची? 0.3 टक्के. हा आकडा मी पुरुषांच्या सभेत मुद्दाम दोनदा वाचते. ऑपरेशन म्हणजे पाळणा थांबवणं. विशीतल्या जोडप्याला तो थांबवायचा नसतो, लांबवायचा असतो. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलला नाही तर आजूबाजूला कुजबुज सुरू होते. या मुलीशी साधनांबद्दल पहिल्यांदा कोण बोलतं? बहुतेक वेळा दुसऱ्या बाळंतपणानंतर, आणि तेही ऑपरेशनबद्दल.

आपल्या मुस्लिम घरांत यात आणखी एक गाठ आहे. टीव्हीवर लोकसंख्येची चर्चा निघाली की बोट आपल्याकडे. मग आपण आकडे काढतो : मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुलं 1992-93 मध्ये 4.4 होती, आता 2.4 च्या आत आली. खरे आकडे आहेत, तोंडपाठ ठेवा. पण ते सांगून झालं की आपण गप्प बसतो आणि घरातली मुलगी तिथंच राहते. बाहेरचे तिला संख्या म्हणून मोजतात, घरातले ‘गुनाह’ म्हणून गप्प करतात.

गुनाह म्हणणाऱ्यांशीही बोलू या. अझ्ल, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पुरुषानं संबंधाच्या वेळी आधीच बाजूला होणं, यावर फिक्हमध्ये शेकडो वर्षं चर्चा झाली आहे. इमाम गझालींनी ते जायज मानलं. हनफी मतात तर त्यासाठी बायकोची संमती लागते. संमती! आपल्या किती घरांत ती विचारली जाते? साधन म्हणून अझ्ल भरवशाचं नाही, पण त्यामागचा विचार आपलाच आहे. कायमच्या नसबंदीला अनेक उलेमांचा विरोध आहे आणि मुस्लिम स्त्रियांत तिचं प्रमाण कमीही आहे. मग नुसतं ऑपरेशन पुढे करणारी व्यवस्था आपल्या बहिणींना काय देते? त्यांना तांबी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी आणि निरोध यांची नीट माहिती हवी. हे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

इराणनं 1989 नंतर निकाहाआधी जोडप्यांना हे वर्ग सक्तीचे केले होते. पुढे तिथल्याच सरकारनं धोरण उलटं फिरवलं आणि मोफत साधनं बंद केली. सरकारं संख्येकडे पाहून देतात आणि संख्येकडे पाहून काढून घेतात. म्हणून मागणी आपल्या गरजेची असावी. किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक ही सरकारी योजना आहे. आपल्या जवळचं क्लिनिक कुठल्या वारी, किती वाजता उघडं असतं, आत स्वतंत्र खोली आहे का, हे तुमच्यातल्या चौघांनी जाऊन पाहा. बंद दिसलं तर लेखी विचारा.

मुलींनो, कायद्याचं एक लक्षात ठेवा. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी स्वतःचीच संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर साधन फसल्याचं कारण अविवाहितेलाही देता येतं. मेडिकलच्या मागच्या दारातून गोळ्या आणायची गरज नाही.

आता प्रश्न. मुलं आणि मुली वेगळ्या खोल्यांत बसू, नंतर एकत्र. चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, डबा दाराशी ठेवलाय. शिबिराचे दादा तो उघडणार नाहीत, मीच उघडेन.