दुखणे मुलाचे, मग मुलाशीच बोला

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



सिकलसेल म्हटले की आपण रक्ततपासणी, कार्ड आणि लग्न यांवरच बोलतो. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, त्याचाही भर तपासणीवर आहे. तपासणी हवीच. पण डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलेल्या मुलाला कुणी काही विचारते का?

मी विदर्भात काम करते. दवाखान्यात डॉक्टर आईला विचारतात, आई सांगते, मूल खाली मान घालून बसते. या आजारात विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य ठणकतात. बाहेरून मात्र बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. मग ‘नाटक करतो’, ‘शाळा बुडवायची असेल’ असे ऐकावे लागते. ही वेदना मोजणारे यंत्र नाही. मुलाचा शब्द हेच तिचे माप. लहान मूल हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवून किती दुखते ते सांगू शकते. गोंडी बोलणारे मूल मराठी प्रश्नापुढे गप्प राहिले, म्हणजे त्याला दुखत नाही असे नव्हे. आणि मुलगी? तिला तर सोसायलाच शिकवलेले असते. तिला दोनदा विचारावे लागते.

या मुलांच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. वारंवार लघवीला जावे लागते, कित्येकांचे अंथरूण ओले होते. आश्रमशाळेत त्यावरून मार बसतो, म्हणून मूल पाणी पिणेच कमी करते आणि दुखणे वाढते. हे डॉक्टरांना कळणार कसे? एकांतात, मायेने विचारले तरच.

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बरे वाटत असतानाही रोज घ्यायची असते. का, ते मुलाला सांगितले नाही तर ते ती टाळणारच.

आणखी एक. मुलाच्या देखत आईला दोष देणे थांबले पाहिजे. हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो. पण घराबाहेर काढली जाते ती आई, आणि ‘माझ्यामुळे आईला त्रास’ हे ओझे मूल वाहते.

तेव्हा आपल्या गटांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मागावे: मुलाशी त्याच्या भाषेत बोला, सुई टोचण्याआधी सांगा, दुखते म्हणाले तर विश्वास ठेवा. आशाताईंना सोबत घ्या. शाळेतही सांगा, या मुलांना पाणी प्यायला आणि लघवीला जायला अडवू नका.

बाईचे म्हणणे खरे मानले जावे म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो. आता या मुलांसाठीही भांडू या.