देवासचे दोन स्वर

दोघांनी मिळून गायिलेले गाणे ऐकताना कान नकळत पक्षपात करतो. ओळखीचा आवाज आला की तो त्याच्या मागे जातो आणि दुसरा आवाज साथीदारांत जमा होतो. कुमार गंधर्व आणि वसुंधरा कोमकली यांनी एकत्र गायिलेल्या निर्गुणी भजनांच्या बाबतीत असेच काहीसे घडले. ती भजने घरोघर पोहोचली, पण पोहोचली ती 'कुमारांची भजने' म्हणून. ती कशी सिद्ध झाली आणि रसिकांनी त्यांचे स्वागत कसे केले, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम देवासला जावे लागते.

इंदूरपासून सुमारे पस्तीस किलोमीटरांवरील हे गाव चामुंडा आणि तुळजाभवानी यांच्या टेकडीच्या पायथ्याशी वसले आहे. पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन संस्थाने या एकाच गावात नांदत होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून येथे काम केले. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा गवई याच गावचा. राजवाड्यात मराठी, बाजारात माळवी आणि टेकडीच्या वाटेवर जोग्यांची गाणी, असा या गावाचा त्रिविध संसार होता.

बेळगावजवळील सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, ३० जानेवारी १९४८ रोजी देवासला आले. महात्माजींची हत्या झाली, तोच हा दिवस. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखविणारा बालगायक म्हणून त्यांची कीर्ती पूर्वीच झाली होती. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. परंतु देवासला ते आले ते गाण्यासाठी नव्हे. क्षयाने फुप्फुसे पोखरली होती आणि गाण्यास सक्त मनाई होती. पत्नी भानुमती यांनी शाळेत नोकरी करून संसार सांभाळला आणि शुश्रूषाही केली. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध हाती आले आणि रोग हटला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले.

मधली पाच-सहा वर्षे वाया गेली असे वरवर पाहणारास वाटेल. वस्तुतः त्या वर्षांनी एका गायकाला श्रोता बनविले. लग्नातील, पावसाळ्यातील, दळणकांडणाच्या वेळची माळव्याची गाणी त्यांनी अंथरुणावरून ऐकली. त्यांतूनच पुढे 'मालवती', 'संजारी' यांसारखे लोकधुनांतून उगवलेले राग निर्माण झाले आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नाथपंथी जोगी एकतारीवर कबीराची पदे गात. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी असल्याने या पंथाचा राबता मोठा. त्या गाण्यात आळवणी नव्हती, विनवणीही नव्हती. एकाकी मनुष्याने रित्या आकाशात स्वर फेकावा, तशी त्याची रीत होती. निर्गुणाचे गाणे असेच फेकावे लागते, हे कुमारांनी त्या जोग्यांकडून उचलले.

आता दुसऱ्या स्वराविषयी. वसुंधरा श्रीखंडे यांचा जन्म १९३१ मध्ये जमशेदपूरला झाला. बालपण कलकत्त्यास गेले. तेथेच त्यांनी कुमारांचे गाणे प्रथम ऐकले आणि १९४६ मध्ये त्या शिक्षणासाठी मुंबईस आल्या. प्रा. देवधर आणि कुमार या दोघांचीही तालीम त्यांना लाभली. १९६१ मध्ये भानुमतींचे बाळंतपणात निधन झाले. त्यानंतर १९६२ मध्ये वसुंधराबाई कुमारांच्या पत्नी म्हणून देवासला आल्या. त्या आल्या तेव्हा सिद्ध गायिका होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

स्त्री आणि पुरुष यांनी एकत्र गाणे सोपे नाही. पुरुषाचा षड्ज आणि स्त्रीचा षड्ज यांत साधारणतः चार-पाच स्वरांचे अंतर असते. दोघांसाठी तानपुरे एकाच षड्जात लावावयाचे, म्हणजे एकाने आपली सोयीची जागा सोडावयाची. तानपुरा तसूभरही उतरलेला कुमारांना खपत नसे, त्यामुळे अदमासाने गाऊन भागण्याजोगे नव्हते. 'निर्भय निर्गुण' हे पद ऐकावे. कधी दोन्ही आवाज एका ओळीवर मिळतात, कधी आळीपाळीने पुढे होतात. फेक एकच, परंतु आवाजाचा पोत निराळा. जोगी एकटा गातो. येथे तेच एकाकीपण दोघांनी वाटून घेतले आहे, आणि तरीही ते उणावत नाही.

यंत्राचेही साह्य झाले. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. अमेरिकेत १९४८ मध्ये दीर्घ वादनाची तबकडी बाजारात आली आणि पुढे ती भारतातही निघू लागली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावे. कबीर, सूरदास आणि मीरा यांच्या पदांची या दोघांची 'त्रिवेणी' अशाच तबकडीवरून रसिकांपर्यंत गेली.

स्वागत मात्र एकमुखी झाले नाही. घराण्याची शिस्त मानणाऱ्यांना कुमारांच्या ख्यालात क्रमवार बढत दिसेना. तुटक, लहान फेकी हे दुबळ्या श्वासाचे लक्षण आहे, असेही कित्येक म्हणत. ख्यालगायकाने जोग्याचे गाणे मैफलीत आणावे काय, हा प्रश्न होताच. उलट पु. ल. देशपांडे यांच्यासारखे साहित्यिक आणि तरुण श्रोते या गाण्याने भारावून गेले. पुष्कळ घरांत ख्याल कधी शिरला नाही, पण हे भजन शिरले.

या वादात दोन्ही पक्ष कुमारांविषयीच बोलत राहिले. निंदा त्यांची आणि स्तुतीही त्यांचीच. वसुंधराबाईंचा स्वर प्रत्येक तबकडीवर होता, पण चर्चेत नव्हता. कोणी दुष्टाव्याने हे केले नाही. थोर पुरुषाशेजारी उभ्या असलेल्या स्त्रीकडे पाहण्याची समाजाची जी सवय, तीच कानालाही जडली होती.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासला कुमारांचे निधन झाले. वसुंधराबाई गात राहिल्या. कन्या कलापिनी, नातू भुवनेश आणि इतर शिष्य त्यांनी घडविले. २००६ मध्ये पद्मश्री आणि २००९ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना लाभला. २९ जुलै २०१५ रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला. मान उशिरा मिळाला, पण मिळाला.

ध्वनिमुद्रिकेचा एक गुण मोठा आहे. तिने जे टिपले ते ती बदलत नाही. ऐकणाराने मात्र बदलावे. हे भजन पुन्हा लावले, तर एक वेळ कुमारांचा आवाज बाजूस ठेवून दुसऱ्या आवाजाच्या मागोमाग जावे. तो प्रतिध्वनी नाही, हे चार ओळींतच पटेल.