रस्त्यावरचा कुत्रा घरी आणल्यावर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तेथे उभे राहून कुत्र्यावर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे थोडे धारिष्टच. परंतु स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचूनही धर्मराजाने ज्याची साथ सोडली नाही तो कुत्राच होता. दत्तमूर्तीच्या पायाशी चार कुत्री असतात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. मात्र कथेतल्या कुत्र्यावर प्रेम करणे सोपे असते. आमच्या अंगणातला कुत्रा शेजारच्या मुलाच्या हाताला चावला, तेव्हा आम्हांस नामदेवांची आठवण झाली नाही, हे आरंभीच कबूल करून टाकतो.

हा कुत्रा आम्हांस कन्हानच्या पुलाजवळ, महामार्गाच्या कडेला सापडला. कोळशाच्या ट्रकांची रहदारी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. एका वाहनाचा धक्का लागून त्याचा मागचा पाय दुखावला होता. वय दीड-दोन वर्षांचे, अंगाने अगदी गावठी. घरी आणले, औषधपाणी केले, मोत्या असे नाव ठेवले आणि आम्ही मनात म्हणालो, आता हा आपला झाला. येथेच आमची पहिली चूक झाली. आम्ही त्याला आपला मानले होते. त्याने अद्याप आम्हांस आपले मानले नव्हते.

मोत्या कोपऱ्यात बसे. काठी घेतलेला म्हातारा फाटकावरून गेला की भुंकून घर डोक्यावर घेई. ताटलीजवळ कोणी गेले की गुरगुरे. आम्ही त्याला दरडावीत असू, आणि काही दिवसांनी त्याचे गुरगुरणे बंद झाले. आम्हांस वाटले, शिस्त लागली. त्यानंतर आठवड्याभरात शेजारचा सात वर्षांचा मुलगा चेंडू घ्यावयास अंगणात आला, मोत्या जेवत होता, मुलाने कौतुकाने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आवाज न करता मोत्या चावला.

त्या रात्री गल्लीतल्या अनेकांनी एकच सल्ला दिला : पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या. मुलाची आई रडत होती. तिला उत्तर देण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. आज येथे जे बोलणार आहोत, ते त्या रात्रीनंतर पशुवैद्यांना विचारून, वाचून आणि चुका करून जे शिकलो तेवढेच.

प्रथम मुलाविषयी. कुत्रा चावल्यावर जखमेवर हळद, चुना, तिखट चोपडण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. ती सोडावयास हवी. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक रुग्णालय गाठावे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचण्यास आरंभ झाला, तेव्हापासून पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर उपाय माणसाच्या हाती आहे. तथापि रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की तो उपाय चालत नाही, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, या भरवशावर घरी बसू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावयाचे, पण मुलाची टोचणी त्यासाठी थांबवावयाची नाही. शेजारच्या मुलाच्या सर्व टोचण्या वेळेवर झाल्या, आणि मोत्याही दहा दिवस धडधाकट राहिला.

आता मोत्याविषयी. त्याने असे का केले? रस्त्यावरच्या कुत्र्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. आपल्या भाषेत त्याच्यासाठी दोन शब्द आहेत, 'यू यू' आणि 'हाड्'. पहिला त्याने क्वचित ऐकलेला असतो, दुसरा दिवसातून दहा वेळा. आपण रस्त्यात नुसते खाली वाकलो तरी भटके कुत्रे पळत सुटते, कारण वाकलेला माणूस दगड उचलतो, हे त्याच्या अनुभवात पक्के बसलेले असते. मुलगा वाकला तो प्रेमाने, पण मोत्याला दिसला तो दगड. शिवाय पुढ्यात अन्न होते. आणि उकिरड्यावर वाढलेल्याला अन्न राखता आले नाही तर उपाशी राहावे लागते.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली ग्रंथरूपाने दाखवून दिले की, कुत्र्याच्या पिलाचे साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे असतात. त्या काळात ज्यांची सवय होते, ते पुढे जन्मभर भीतिदायक वाटत नाहीत. मोत्याचे ते आठवडे कोठे गेले, कोण जाणे. शिक्षण मोठेपणीही होते. मात्र ते सावकाश होते.

आणि गुरगुरणे? कन्हानला राहणाऱ्यांस रेल्वे फाटकाची घंटा समजावून सांगावयास नको. घंटेचा त्रास होतो म्हणून कोणी घंटाच काढून टाकली, तर गाडी यावयाची थांबत नाही. ती न सांगता येते, इतकेच. गुरगुरणे ही कुत्र्याची घंटा आहे. ती आम्ही दरडावून बंद केली होती. म्हणून दोष आमचा होता, आणि तसे आम्ही त्या माउलीला जाऊन सांगितले. घंटेच्याही आधी काही खुणा असतात : तोंड फिरविणे, ओठ चाटणे, भूक वा झोप नसता जांभई देणे, अंग ताठ करणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे. या खुणा घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, शिकून घ्याव्यात.

कुत्र्याला मार देऊन मालक कोण ते दाखवावे, असे पुष्कळांचे मत असते. या मताला लांडग्यांच्या अभ्यासाचा आधार दिला जाई. कोंडलेल्या लांडग्यांवरून काढलेला, म्होरक्याच्या दंडेलीचा तो निष्कर्ष डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथातून फार पसरला. पुढे १९९९ मध्ये मेक यांनीच लिहिले की, रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले, एक कुटुंबच असते. तेव्हा दांडक्याचा तो शास्त्राधारही गेला. भ्यालेल्याला मारले की भीती दुणावते, हे तर शास्त्रावाचूनही कळण्याजोगे आहे.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे पशुवैद्याकडे जाणे. दुखरा दात, कानातली जखम, गोचिडांचा ताप यांनीही कुत्रे चिडखोर होते. नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते आपल्यापासून फार लांब नाही. नसबंदीने भटकणे आणि मारामाऱ्या कमी होतात, परंतु भीती जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट शांततेची. आणल्यापासून पहिले काही आठवडे पाहुणे नकोत, कौतुक नको, बाजारातून मिरवणे नको. एक ठरलेला कोपरा, ठरलेली जेवणाची वेळ. तो जेवत असता कोणीही जवळ जाऊ नये. दार लोटून घ्यावे. पुढे, तो जेवत असता दुरूनच एखादा चांगला तुकडा त्याच्याकडे टाकावा आणि निघून जावे. माणूस जवळ आला म्हणजे ताटलीतले जात नाही, उलट भर पडते, हे त्याला हळूहळू उमगते. दिवसभर साखळीला मात्र बांधू नये. पळता न येणारे भित्रे जनावर चावण्याचाच मार्ग पत्करते.

तिसरी गोष्ट अंतराची. मोत्याला काठीवाल्या म्हाताऱ्याचे भय. आम्ही आमच्याच एका वृद्ध स्नेह्यांना विनंती केली. ते पन्नास पावलांवर काठी घेऊन उभे राहत; मोत्या त्यांना पाही, पण अजून भुंकत नसे. तेवढ्यात त्याला उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यावयाचा. ते दृष्टिआड झाले की तुकडे बंद. रशियाच्या पावलॉव्हने घंटा आणि मांस यांची सांगड घातली, तीच ही विद्या. काही दिवसांनी पंचेचाळीस पावले, मग चाळीस. भुंकला की आपण घाई केली असे समजावे आणि दहा पावले मागे जावे. पन्नासावरून पाचावर येण्यास आम्हांस चार महिने लागले.

इतर कुत्र्यांशी ओळखही अशीच करून द्यावी. दोघांना समोरासमोर नाकाला नाक लावून उभे करू नये. रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेने, दोघांना चालवावे. पट्टा सैल असावा, कारण ताणलेल्या पट्ट्यातून आपली भीती त्याच्याकडे पोहोचते. काही दिवस असे गेले, की तीन-चार क्षणांचा वास घेऊ द्यावा आणि पुढे चालू लागावे. गल्लीतल्या टोळीशी मैत्रीचा हट्ट धरू नये. ती त्यांची हद्द आहे. आपल्या वैशाखात डांबर तापलेले असते, तेव्हा पहाटेच फिरवावे. चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना जाळीचे मुसके घालावे. त्याची लाज वाटू देऊ नये. मात्र त्याची सवय घरीच, खाऊ देत देत लावावी.

मुलांना तीन नियम शिकवावेत. जेवणाऱ्या, झोपलेल्या वा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. मालकाला विचारल्यावाचून कोणत्याच कुत्र्याला हात लावू नये. आणि कुत्रे अंगावर आले तर धावू नये. झाडासारखे स्तब्ध, हात अंगाशी घेऊन, नजर जमिनीवर ठेवून उभे राहावे. कुत्रा कितीही गुणी असला तरी लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये.

नदीपलीकडे सोडून येण्याच्या सल्ल्याविषयी एवढेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला, तरी नदीपलीकडे कामठी आहे आणि तेथेही मुले आहेत. घाबरलेला, चावऱ्या सवयीचा कुत्रा अनोळखी वस्तीत सोडणे म्हणजे आपले संकट दुसऱ्याच्या दारात टाकणे होय.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटापुरते ते खरे असेल. मोत्याही पुरता सरळ झालेला नाही. जेवताना आजही आम्ही दार लोटतो, पाहुणे आले की तो आतल्या खोलीत असतो, आणि हे त्याच्या अखेरपर्यंत चालेल. कित्येक कुत्री सुधारत नाहीत, सांभाळावीच लागतात. ती तयारी नसेल त्याने घरी आणू नये, त्यात कमीपणा नाही. मात्र तो मुलगा आता मोठा झाला आहे. फाटकाशी येऊन तो प्रथम हाक मारतो, वाकत नाही, बाजूला तोंड करून उभा राहतो, आणि मोत्या आपल्या पायांनी त्याच्याजवळ जातो. त्याची आई ओट्यावरून पाहत असते. तिने आम्हांस क्षमा केली की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. पण परवा तिने शिळी पोळी मोत्यासाठी म्हणून पाठविली.