कुपीतील दुसरे द्रव्य
(आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिरेवाटे भरमसाट जीवनसत्त्वे देण्याची टूम आता चांगलीच बोकाळली आहे. खेड्यात तिला 'ताकदीचे सलाईन' म्हणतात, शहरात 'ड्रिप'. तिने ताकद येते की नाही, हा वाद आज मी बाजूला ठेवतो. कुपीत जीवनसत्त्वाच्या सोबतीने आणखी जे काही असते, त्याविषयी मला बोलायचे आहे.

ज्या कुपीतून अनेकांना औषध द्यायचे, तिच्या रबरी बुचात सुई पुन:पुन्हा खुपसावी लागते. प्रत्येक वेळी जंतू आत शिरण्याची भीती. जानेवारी १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग या गावी घटसर्पाची लस अशाच एका कुपीतून टोचली गेली. तीत जंतुरोधक द्रव्य नव्हते. बारा मुले दगावली. तेव्हा अशा कुपीत परिरक्षक द्रव्य असलेच पाहिजे, हा धडा जगाने बारा प्रेते मोजून घेतला आहे. 'रसायन म्हणजे विष' असे म्हणत फिरणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

परंतु त्याच धड्याची दुसरी बाजू १९८२ मध्ये अमेरिकेत दिसली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शिरेतील नळी धुण्यासाठी परिचारिका सलाईन वापरीत. त्यात ०.९ टक्का बेन्झिल अल्कोहोल होते. प्रौढाचे यकृत त्याचे बेन्झोइक आम्ल करते, ते ग्लायसिनशी जोडते आणि मूत्रावाटे बाहेर टाकते. अपुऱ्या बाळाच्या यकृताला ही जोडणी नीट जमत नाही. आम्ल रक्तात साचते, आणि मूल अक्षरश: धापा टाकत जाते. सोळा बाळांच्या मृत्यूशी या द्रव्याचा संबंध जोडला गेला. औषध म्हणून ते त्यांना कोणी दिलेच नव्हते! मग तेथील औषध-प्रशासनाने नवजात बाळांसाठी अशी द्रावणे वापरू नका, असा इशारा दिला.

जरा हिशेब करू. ०.९ टक्का म्हणजे १ मिलिलिटरला ९ मिलिग्रॅम. एक किलोच्या बाळाला दिवसभरात थोडे थोडे करून ११ मिलिलिटर गेले, तर ९९ मिलिग्रॅम होतात. दगावलेल्या बाळांच्या मात्रा याच्या आसपास सुरू होतात. आता प्रौढाकडे या. 'क' जीवनसत्त्वाच्या ५० ग्रॅमच्या मात्रेला, १ मिलिलिटरला ५०० मिलिग्रॅम या प्रमाणात, १०० मिलिलिटर द्रावण लागते. समजा, कुपी परिरक्षक घातलेली निघाली. तर एका बैठकीत ९०० मिलिग्रॅम बेन्झिल अल्कोहोल शिरेत गेले. ते द्रव्य दोन-चार मिलिलिटरच्या सुईसाठी ठरवलेले होते. औषधाची मात्रा कैकपट करणाराने परिरक्षकाचीही कैकपट केली, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

केवळ परिरक्षकच असे चोरपावलांनी येते असे नव्हे. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत 'ई-फेरॉल' नावाचे 'ई' जीवनसत्त्वाचे शिरेत द्यायचे इंजेक्शन बाजारात आले, तेही अपुऱ्या बाळांसाठी, आणि प्रशासनाची मंजुरी न घेता. तेलकट जीवनसत्त्व पाण्यात मिसळावे म्हणून त्यात पॉलिसॉर्बेट ही द्रव्ये घातली होती. बाळांची पोटे फुगली, यकृत व मूत्रपिंडे निकामी झाली. एप्रिल १९८४ मध्ये माल परत घेईपर्यंत ३८ बाळे गेली होती. संशय त्या मिश्रक द्रव्यांवरच गेला. पुढे अधिकाऱ्यांवर खटले झाले, काहींना तुरुंगवासही झाला, तोही काही महिन्यांपुरता. 'जीवनसत्त्वच ते, त्याने काय होणार?' या समजुतीची किंमत अशी पडली.

परिरक्षक नको असेल, तर एका रुग्णाला एक कुपी लागते, आणि ती महाग पडते. मोठ्या कुपीत दर डोसचा खर्च कमी. म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न अखेर पैशाशी येऊन थांबतो, आणि तो पैसा कोणी द्यायचा, यावर कोणी बोलत नाही. सरकारी रुग्णालयाने नवजात कक्षापुरत्या तरी परिरक्षकविरहित कुपी घ्याव्यात, ही मागणी काही चैनीची नव्हे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. लाल पेशींतील जी-६-पी-डी या विकराची उणीव आपल्या काही आदिवासी समाजांत आणि पारशी समाजातही आढळते. अशा माणसाला 'क' जीवनसत्त्वाची प्रचंड मात्रा शिरेतून दिली, तर लाल पेशी फुटू शकतात. मूत्रपिंडांत ऑक्झलेट साचण्याचा धोका वेगळाच. यासाठी आधी रक्ततपासणी हवी; पण सलाईन लावण्याआधी तपासणी करा म्हणणारा दवाखाना तुम्ही पाहिला असेल, तर मला जरूर दाखवा.

मघाशी एका भगिनींनी विचारले, 'आम्ही वर्षानुवर्षे बी-कॉम्प्लेक्सच्या सुया टोचून घेतल्या, आम्हांला काही झाले नाही.' खरे आहे ताई. अशा अनेक कुपींत बेन्झिल अल्कोहोल असते, पण दोन मिलिलिटर सुईतून धडधाकट माणसाला त्याने सहसा काही होत नाही. तुमच्या सुनेचे बाळ सातव्या महिन्यात जन्मले, तर मात्र सलाईनची कुपी मागून घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. वाचता आली नाहीत, तर परिचारिकेकडून वाचून घ्या.