अजिंठ्याच्या वाटेवरचा खानदेश

मुंबईहून निघालेली आगगाडी मनमाड, चाळीसगाव, पाचोरा ही स्टेशने मागे टाकीत जळगावास येऊन थांबते, तेव्हा तीतून काही परदेशी प्रवासी उतरतात. कोणी जपानचा असतो, कोणी फ्रान्सचा, तर कोणी श्रीलंकेचा काषायवस्त्रधारी भिक्षू. स्टेशनाबाहेर मोटार सज्ज असते. साठेक किलोमीटरांवरील अजिंठ्याची लेणी पाहून ही मंडळी सायंकाळी परततात आणि रात्रीच्या गाडीने पुढील मुक्कामाची वाट धरतात. जळगावचे त्यांना दर्शन घडते ते इतकेच : स्टेशन, एखादी खाणावळ, रस्त्याच्या दुतर्फा कपाशीची शेते आणि केळीच्या बागा. देशोदेशींच्या पवित्र व ऐतिहासिक स्थळांच्या ज्या सहली हल्ली निघतात, त्यांच्या पत्रकांत खानदेशास गाडी बदलण्याच्या ठिकाणापलीकडे फारसे महत्त्व नसते.

याबद्दल परक्यांस बोल लावण्यात अर्थ नाही. खुद्द खानदेशी माणूसही काशी करतो, रामेश्वर करतो, आणि आता मुले कमावती झाल्यावर मिसरचे पिरॅमिड व कंबोडियातील अंकोरचे देवालयही पाहून येतो. परत आल्यावर तो तेथील खांबांची उंची सांगतो, तेथील राजांची नावे सांगतो. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस अवघ्या अठरा किलोमीटरांवर पाटणे आहे, तेथे काय आहे, असे त्यास कोणी विचारले, तर "नवरात्रात देवीची जत्रा असते" एवढेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक. वास्तविक सावकाश प्रवास करण्याची कला या मुलखास नवी नाही. मुक्ताईची पालखी तापीकाठच्या या मुलखातून पंढरपुरास पायी जाते, तिला महिन्याहून अधिक काळ लागतो, आणि वाटेतील प्रत्येक गावचा पार, विहीर व मारुती वारकऱ्यांच्या ओळखीचा असतो. मोटारीने ही ओळख तोडली.

अजिंठा हा काटेकोरपणे बोलावयाचे तर खानदेशात मोडत नाही. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, आणि आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. तथापि त्याचे दार खानदेशाकडे उघडते. वाघूर नदी त्या डोंगरातून निघून खानदेशात उतरते. फर्दापूरचा पायथा जळगावकडूनच जवळ. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अरुंद मापाची चिमुकली गाडी २०२० पर्यंत धावत होती. तिच्या पहूर स्टेशनावर उतरूनही एके काळी प्रवासी लेण्यांकडे जात.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी या दरीत शिकारीच्या निमित्ताने आला, तेव्हा आधुनिक जगास या लेण्यांचा शोध लागला, असे सांगण्यात येते. आसपासच्या लोकांस ती ठाऊक नव्हती असे मुळीच नव्हे. परंतु कागदोपत्री मान स्मिथसाहेबास मिळाला. त्याने काय केले? दहाव्या लेण्यातील एका खांबावर बोधिसत्त्वाचे चित्र आहे. त्या चित्रावरच त्याने आपले नाव व तारीख खरडून ठेवली. दहावे लेणे म्हणजे येथील अतिप्राचीन लेण्यांपैकी एक, ख्रिस्तपूर्व काळातले. जे पाहण्यासाठी जग येथे येते, ते पाहणाऱ्या पहिल्याच साहेबाने ते असे विद्रूप केले! पुढे त्याचा कित्ता गिरविणारे देशी प्रवासीही पुष्कळ निघाले.

स्मिथनंतर पंचवीस वर्षांनी आलेला रॉबर्ट गिल हा निराळ्या जातीचा मनुष्य होता. मद्रासच्या लष्करातील या अधिकाऱ्यास चित्रकलेचे अंग होते. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यास अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यास नेमले. अंधार, वटवाघळे, ताप आणि वाघ यांच्या सान्निध्यात त्याने अनेक वर्षे काढली, मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात चित्रे उतरविली, ती विलायतेस पाठविली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडण्यात आली, आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत जवळजवळ सर्व भस्मसात झाली. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स यांनी आपले विद्यार्थी बरोबर घेऊन तेच काम नव्याने आरंभिले. त्यांच्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमधील दुसऱ्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे पुस्तक मात्र १८९६-९७ मध्ये निघाले. गिलचे देहावसान १८७९ मध्ये झाले आणि त्याचे दफन भुसावळास करण्यात आले. भुसावळास गाडी बदलणारे हजारो लोक रोज स्टेशनावर उभे असतात. अजिंठ्यापायी हयात वेचलेला चित्रकार याच गावी चिरविश्रांती घेत आहे, हे त्यांपैकी कितीकांस ठाऊक असेल?

अशी हानी हिंदुस्थानच्याच वाट्यास आली असे नाही. जपानातील होर्युजी येथील बौद्ध मंदिराच्या भिंतींवर अजिंठ्याच्या चित्रांशी नाते सांगणारी जुनी चित्रे होती. २६ जानेवारी १९४९ रोजी तेथे आग लागून ती करपली. जपानी लोकांनी मात्र हा घाव मनास लावून घेतला. पुढील वर्षीच त्यांनी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस तेथे देवळे व संग्रहालये यांतील आगप्रतिबंधाच्या कवायतींसाठी पाळला जातो. फ्रान्समधील लास्को येथील आदिमानवाच्या गुहा तर आगीवाचूनच धोक्यात आल्या. प्रेक्षकांच्या श्वासोच्छ्वासाने भिंतींवर शेवाळ चढू लागले, तेव्हा १९६३ मध्ये त्या लोकांस बंद करण्यात आल्या. अजिंठ्यासही चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात आणि झगझगीत दिव्याने छायाचित्र घेण्यास मनाई आहे. या निर्बंधांवर कुरकुर करणाऱ्यांनी लास्कोचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्या उन्हातून लेण्यात शिरल्यावर डोळे अंधारास सरावण्यास वेळ लागतो. घाईचा प्रवासी नेमका त्याच वेळात बाहेर पडतो. सतराव्या लेण्यात सर्वस्वाचे दान करणाऱ्या विश्वंतर राजपुत्राची कथा रंगविली आहे. तेथे दहा मिनिटे स्वस्थ उभे राहिले, म्हणजे भिंतीतून एकेक चेहरा पुढे येऊ लागतो. मार्गदर्शकाच्या विजेरीमागे धावणाऱ्यास हे साधत नाही.

आता पश्चिमेस धुळ्याकडे वळू. १९०६ साली सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले, त्यांतील पश्चिमेचे ठाणे धुळे. या शहरात भव्य लेणी नाहीत, यास्तव सहलवाल्यांची मोटार येथे थांबत नाही. परंतु प्रवास कशासाठी करावा याचा जो धडा धुळ्यास मिळतो, तो अजिंठ्यासही मिळत नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले ते दप्तरांच्या शोधात. वाड्यांच्या माळ्यांवर उंदीर-वाळवीच्या तोंडी पडलेले कागद त्यांनी मालकांची मनधरणी करून, प्रसंगी भांडून, मिळविले. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ही बावीस खंडांची माला झाली; तिचा पहिला खंड १८९८ चा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच त्यांनी देह ठेवला, आणि लगेच १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या संग्रहातील पोथ्या आणि कागदपत्रे, तशीच नाणी व मूर्ती, तेथे पाहावयास सापडतात. याच गावचे वकील शंकर श्रीकृष्ण देव मठामठांतून फिरले ते रामदासी वाङ्मयासाठी. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापून काढला. त्यांनी जमविलेला पोथ्यांचा साठा समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची पोथी त्यातलीच. या दोघांच्या प्रवासाने वाटेवरच्या वस्तूचे काही उणे झाले नाही; उलट नाहीशी होणारी वस्तू राहिली.

पाटण्याची कथा याच प्रकारची आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्यातील 'लीलावती'चे अकबराच्या दरबारी फारसीत भाषांतर झाले. कोलब्रुकने १८१७ मध्ये ती इंग्रजीत नेली. ग्रंथ जगभर गेला. परंतु ग्रंथकर्त्याच्या घराण्याचा माग लागला तो चाळीसगावच्या रानात. मुंबईचे विख्यात डॉक्टर भाऊ दाजी लाड, ज्यांनी अजिंठ्याचे शिलालेखही वाचले, त्यांनी पाटण्याच्या पडक्या भवानीमंदिरातील शिलालेख १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे : मागे त्रिविक्रमापर्यंतचे पूर्वज, पुढे पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव. लक्ष्मीधराची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाल याने त्यास येथून आपल्याकडे नेले. चांगदेव सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या व घराण्यातील इतरांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सामंत सोइदेव याने त्यास दान दिले. शके ११२८ हा लेखातील आकडा. हे दान दिले गेले ते श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणसमयी. भास्कराचार्यांच्या जन्मग्रामाबद्दल पंडितांत वाद आहे, तो चालो. मठाबद्दल वाद नाही.

या लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असून शेवटच्या ओळी मराठीत आहेत, आणि खानदेशी वाचकाने खरे थांबावे ते येथे. राजाचे दान संस्कृतात नोंदले गेले. बाजाराचे देणे मात्र बाजारच्या भाषेत लिहावे लागले, कारण ते देणाऱ्यास समजले पाहिजे. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीस येईल, त्यावरील अमुक उत्पन्न मठास. जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठास. ग्रहगोलांच्या गणिताचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिव्यात तेल पडले ते या गावच्या तेल्याचे. ज्या भाषेत ही नोंद आहे, तिच्यातील 'पळी' आजही प्रत्येक स्वयंपाकघरात टांगलेली आहे. मठ राहिला नाही, पेठ राहिली नाही, घाणे राहिले नाहीत. रान मात्र दाट आहे, आणि १९८६ पासून ते गौताळा अभयारण्यात मोडते.

पाटणादेवीवरून डोंगर चढून रानवाटेने पितळखोऱ्याची लेणी गाठता येतात. ही अजिंठ्याच्या प्राचीनतम लेण्यांच्या बरोबरीची, बरीच ढासळलेली. एका खांबावर पैठणच्या एका गांधिकाने, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याने, तो दान केल्याची नोंद आहे. येथेच एक यक्षमूर्ती सापडली. ठेंगणी, हसऱ्या तोंडाची, दोन्ही हात वर केलेली. तिच्या तळहाताच्या बाहेरील अंगास कान्हदास नावाच्या सोनाराने ती घडविल्याचे कोरले आहे. तोही नाव कोरणाराच. फरक इतकाच की त्याने ते स्वतःच्या कामावर कोरले. हा यक्ष आता दिल्लीस राष्ट्रीय संग्रहालयात असतो, यामुळे पितळखोऱ्यास जाणाऱ्यास तो भेटत नाही.

पावसाळ्यात पाटण्याचे धबधबे पाहण्यास गर्दी लोटते, पण वरची वाट त्या दिवसांत निसरडी असते आणि लेण्यांत पाणी झिरपते. दिवाळीनंतर जावे. चाळीसगावी मुक्काम करून पहाटे निघावे, बरोबर पाणी व भाकरी असावी, आणि शाळेतील चार मुले न्यावीत, म्हणजे शिलालेखातील घाण्याचा व तेलाचा मजकूर त्यांस जागेवरच समजावून देता येईल.