थोड्या खर्चांत चाकांवरचें घर कसें उजळावें?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कित्येकांस थोडें नवल वाटेल. घर सजविण्याविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. पण ज्या घराविषयीं मी आज बोलणार आहें तें चाकांवर फिरणारें आहे. इंग्लंड-अमेरिकेंत ज्याला कॅराव्हॅन किंवा कॅम्पर म्हणतात तें हें घर. कांहीं कॅराव्हॅन मोटारीच्या मागें जोडून ओढून नेतात, तर कांहींत एंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर बसविलेलें असतें. निजणें, रांधणें आणि बसणें या तिन्ही गोष्टींची सोय साडेचार मीटर लांब व दोन मीटर रुंद एवढ्याशा जागेंत केलेली असते. सुटींत प्रवासाला निघणारीं कुटुंबें या गाड्या वापरतात हें खरें. परंतु घरभाडें परवडत नाहीं म्हणून वर्षानुवर्षें जुन्या कॅराव्हॅनमध्येंच राहणारीं माणसेंहि तिकडे आहेत. परदेशीं स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबानें हौसेनें अशी जुनी गाडी घेतली, तर पहिला प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो तो हाच कीं, ही अंधारी, तपकिरी खोली थोड्या पैशांत प्रसन्न कशी करावी?

खर्च म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पैसा येतो. चाकांवरच्या घरांत मात्र हिशेबाच्या वह्या तीन ठेवाव्या लागतात. पहिली पैशाची, दुसरी वजनाची आणि तिसरी विजेची. पैशाची वही नीट ठेवून वजनाची विसरणारा मनुष्य स्वस्त म्हणून जड वस्तु घेतो, आणि तें ओझें पुढें प्रत्येक मैलाला ओढीत बसतो. या तीन वह्यांखेरीज एक चौथी गोष्ट आहे, ती हवा. ती मात्र खर्चाच्या सदरांत घालावयाचीच नाहीं. तिच्याविषयीं शेवटीं बोलूं.

आधीं या गाड्या इतक्या काळवंडलेल्या कां दिसतात तें पाहूं. जुन्या कॅराव्हॅनची भिंत फार पातळ असते. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्यें लांकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा व ऊब राखणारें पॉलिस्टायरीन, आणि आंतून पातळ प्लायवूड, अशी तिची रचना. त्या प्लायवूडवर गडद लांकडाची नक्षी छापलेला कागद चिकटविण्याची चाल गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत फार होती. गाद्यांचें कापडहि बहुधा तपकिरी, मळखाऊ. त्यांत डोक्यावर सर्व बाजूंनीं टांगलीं कपाटें. पांढऱ्या रंगाच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाच्या शंभर भागांपैकीं सुमारें ऐंशीं भाग ती परत खोलींत पाठविते. गडद तपकिरी लांकूड दहावीस भागहि मोठ्या मुष्किलीनें परत करतें. म्हणजे खिडकींतून येणारा बहुतेक उजेड भिंतीच गिळून बसतात.

चाकांवरच्या घरांत उजेड कसा आणावा, हें कोडें जुनें आहे. इंग्लंडांतील रोमानी लोकांच्या घोड्यांच्या गाड्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भरभराटीस आल्या. हे लोक मूळचे हिंदुस्थानांतील होत, हें भाषेच्या पुराव्यावरून १७८२ सालीं रूडिगर या जर्मन विद्वानानें दाखवून दिलें. त्यांच्या भाषेंत पाण्याला ‘पानी’ आणि काळ्या रंगाला ‘कालो’ म्हणतात, हें ऐकून आपणांस ओळख पटल्यावांचून राहणार नाहीं. त्यांच्या कित्येक गाड्यांच्या छपराचा मधला भाग वर उचललेला असे, आणि त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांस लहान लहान कांचा बसविलेल्या असत. आंत नक्षीच्या कडांचे आरसे लावीत आणि कोरीव कामावर भडक रंग चढवीत. उजेड माथ्यावरून घ्यावा आणि आरशांनीं व रंगांनीं तो खोलीभर फिरवावा, हेंच या रचनेचें मर्म.

याच गाड्या पाहून गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरानें १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाची गाडी ब्रिस्टल येथील कारखान्यांत बांधवून घेतली. निव्वळ हौसेनें फिरण्यासाठीं बांधलेली ही पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचा मान मोठा आहे. लांबी अठरा फूट, आंत महोगनी व मेपल यांचें सुरेख काम. पण वजन झालें सुमारें दोन टन, आणि चढावर तें ओढावयाचें दोन घोड्यांनीं! शोभेची किंमत वजनानें मोजावी लागते, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं सर्व भिंतींवरून हात फिरवावा. पत्र्यांचे सांधे, खिडक्यांचे रबर आणि छपरांतील झरोक्याची कड या वाटांनीं पावसाचें पाणी आंत शिरतें. कोपऱ्यांत अंगठ्यानें दाबून पाहावें. प्लायवूड मऊ लागलें, कागदाला सुरकुत्या पडल्या असल्या, किंवा कपाट उघडतांच कुबट वास आला, तर तेथें ओल आहे असें समजावें. ओल मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें. त्याच्या कांट्यानें शेंकडा पंधराच्या आंत आकडा दाखविला तर काळजी नको. वीसच्या वर गेला तर पाण्याची वाट शोधलीच पाहिजे. तिसाच्या वर असेल तर आंतील सांगाडा कुजूं लागला असण्याचा संभव फार. अशा भिंतीवर दिलेला रंग एका हिवाळ्यांत फुगतो. त्याहून वाईट म्हणजे तो फुगेपर्यंत कुजकें लांकूड झांकून ठेवतो. आणि ज्याचें राहतें घरच तें आहे त्या माणसाची सारी पुंजी त्या लांकडांत असते. म्हणून हाताशीं असलेला पहिला पैसा सांधे बुजविण्यास खर्चावा. पट्टी काढून जुना वाळलेला लांबीसारखा मसाला खरवडावा, नवा भरावा, आणि भिंत पुरती सुकूं द्यावी. यास आठवडे लागले तरी हरकत नाहीं.

दुसरें काम जवळजवळ फुकटचें आहे, तें खिडक्यांचें. आधुनिक कॅराव्हॅनच्या खिडक्या बहुधा कांचेच्या नसून अ‍ॅक्रिलिकच्या असतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकें एवढेंच त्यांना लागतें. घरच्या तावदानांसाठीं विकत मिळणारीं अमोनियायुक्त द्रव्यें किंवा रंग काढण्याचे द्राव त्यांना लागले, तर पृष्ठभागावर बारीक चिरांचें जाळें पडतें आणि तें पुन्हां जात नाहीं. छपरांतील झरोकाहि असाच धुवावा. वर्षांची शेवाळ व धूळ निघाली कीं, त्या एका चौकोनांतून येणाऱ्या उजेडानें खोलीची कळा पालटते.

मग रंग. छापील कागदाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यावर रंग थेट दिला तर नखानें सोलून निघतो. म्हणून प्रथम तेलकटपणा धुवून काढावा, बारीक कांचकागदानें हलकें घांसावें, धूळ पुसावी आणि चिकटून राहणाऱ्या प्रायमरचा एक हात द्यावा. नंतर पाण्यांत कालविलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात पुरेत. एका लिटरांत एका हाताचें सुमारें दहा चौरस मीटर काम होतें. भिंती व कपाटांचीं दारें मिळून वीस चौरस मीटर धरलीं तर दोन हातांस चार लिटर रंग लागेल. ओल्या रंगाचें वजन पांच-सहा किलो, आणि पाणी उडून गेल्यावर तेंहि बरेंच कमी. पैसा आणि वजन या दोन्ही वह्यांत इतकें स्वस्त पडणारें दुसरें साधन नाहीं. निव्वळ पांढरा रंग थंड देशांतील ढगाळ दिवसांत निळसर व उदास वाटतो. त्यांत पिवळ्याची किंचित् झांक असलेला सायीचा रंग घ्यावा. छत मात्र स्वच्छ पांढरें असावें. भडक रंगाची हौस असेल तर ती एखाद्या दारावर किंवा मेजाच्या कडेवर भागवावी.

वजनाच्या वहीविषयीं दोन शब्द अधिक. अनेक जुन्या गाड्यांत सामानासाठीं ठेवलेली मर्यादा शंभर-दीडशें किलोंचीच असते. गॅसचा सिलिंडर, वीसपंचवीस किलोंची बॅटरी, पाणी, भांडीं, कपडे हें सारें त्यांतच बसवावयाचें. स्वयंपाकाच्या ओट्यामागें खऱ्या चिनी मातीच्या फरशा बसविल्या तर दर चौरस मीटरला पंधरा किलोंहून अधिक भार वाढतो, आणि गाडीच्या हादऱ्यानें त्यांचे सांधे तडकतात तें वेगळेंच. तेथें धातूचा पातळ, चकचकीत पत्रा लावावा. तो उजेडहि परत देतो. आरशाची गोष्ट अशीच. चार मिलिमीटर जाडीच्या कांचेचा एक चौरस मीटर दहा किलो भरतो. तीन मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकचा साडेतीन किलोंच्या आसपास. असा हलका आरसा चुलीपासून दूर, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावला कीं एका खिडकीच्या दोन झाल्यासारख्या वाटतात. डोक्यावरच्या कपाटांत मात्र शोभेच्या जड वस्तु कधींहि ठेवूं नयेत. वर भार झाला कीं गाडी वळणावर डोलूं लागते.

सूर्य मावळल्यावर विजेची वही उघडावी लागते. वस्तीच्या ठिकाणीं वीज नसली म्हणजे सारी भिस्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर. समजा, दहा वॅटचे सहा हॅलोजन दिवे आहेत. ते सारे लावले तर पांच अँपिअर वीज खातात. शंभर अँपिअर-तासांची साधी शिशाची बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून तिच्यांतील निम्मीच वीज वापरावयाची. म्हणजे दहा तासांत खेळ आटोपला. त्याच जागीं दोन वॅटचे एलईडी दिवे बसविले तर एक अँपिअरवर काम भागतें आणि तीच बॅटरी पन्नास तास पुरते. दिवे घेतांना प्रकाश पिवळसर, तीन हजार केल्विनच्या आंतबाहेरचा असावा. आणि बॅटरी भरतांना दाब चौदा व्होल्टच्या वर जातो, तो सहन करणारे दिवे आहेत ना, हें विचारून घ्यावें. छतांत एकच प्रखर दिवा लावण्यापेक्षां कपाटांच्या खालून भिंतीवर प्रकाश टाकणारे दोन-तीन मंद दिवे लावले, तर खोली रुंद भासते.

कापडाच्या बाबतींत आपल्या गृहिणींस मीं कांहीं शिकवावें असें नाहीं. एका जुन्या सुती नऊवारी लुगड्यांत आठ मीटरांच्या आसपास कापड निघतें. कॅराव्हॅनच्या लहान खिडक्यांना त्यांतून किती पडदे होतील याचा हिशेब आपणच करावा. तें हलकें असतें, उजेड गाळून आंत सोडतें, आणि परदेशांतल्या धुकट सकाळीं त्याचा काठ डोळ्यांस सुखवितो. बैठकीवर सोलापुरी चादर घालावी. मात्र जुन्या गाद्यांतील फोम काढून कोठला तरी स्वस्त फोम भरूं नये. ब्रिटनमध्यें १९८८ च्या नियमांनीं फर्निचरांतील फोम व कापड यांना आगीच्या ठराविक कसोट्या लावल्या, आणि ते नियम कॅराव्हॅनमधील गाद्यांनाहि लागू आहेत. तेव्हां खालचा फोम नियमांप्रमाणें आहे अशी खात्री करून घ्यावी. चुलीजवळच्या खिडकीला लोंबता पडदा मुळींच नको. नायलॉनच्या कापडाचा तर नकोच.

आतां ती चौथी गोष्ट. गाडीच्या तळाशीं आणि छपरांत कांहीं भोंकें व जाळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांतून थंड वारा येतो, शोभेलाहि त्या बाधतात. म्हणून गाडी सजवितांना त्यांवर गालिचा पसरण्याचा किंवा कापूस कोंबण्याचा मोह अनेकांस होतो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळला तर तळाशीं सांचतो व खालच्या भोंकांतूनच बाहेर पडतो. चूल किंवा शेगडी नीट जळली नाहीं तर कार्बन मोनॉक्साइड वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि बंद खोलींत निजलेल्या माणसास तो जागेंहि होऊं देत नाहीं. म्हणून या जाळ्यांना रंगाचा थरहि बुजवूं देऊं नये; ऊब आणण्यासाठीं स्वयंपाकाची चूल कधींहि पेटती ठेवूं नये; आणि त्या वायूची सूचना देणारें छोटें यंत्र पडद्यांच्याहि आधीं विकत घ्यावें.

तर क्रम असा झाला: प्रथम ओल, नंतर खिडक्या, मग रंग, मग दिवे, आणि सर्वांत शेवटीं कापड व आरसा, हवेच्या वाटा आरंभापासून अखेरपर्यंत मोकळ्या. बाजार आपणांस हा क्रम उलटा शिकवितो, कारण उशीची खोळ विकणें सोपें आणि सांध्यांतला मसाला विकणें रुक्ष. परंतु हातीं पैसा थोडा असेल तर वरील क्रमानेंच जावें. मध्येंच पैसा संपला तरी झालेलें काम वायां जात नाहीं. भिंत कोरडी राहते, खिडकी निर्मळ राहते, आणि मुलांना पुस्तक वाचण्यापुरता उजेड घरांत येतो.