पगार विचारता, मग राहण्याचा हक्कही विचारा
(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



घरातलं कुणी आखातात आहे का, असं विचारलं तर इथे बरेच हात वर होतील. माझे अब्बा २६ वर्षं दम्माममध्ये एसी मेकॅनिक होते. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. हिशेब करा, २६ वर्षांत ते आमच्यात २६ महिने राहिले. दादी वारली तेव्हा पासपोर्ट कफिलाकडे होता आणि कफील गावाबाहेर. अब्बा मयतीला पोचू शकले नाहीत. २०१७ मध्ये खुरूज लागला आणि ते कायमचे परत आले.

लहानपणी मी विचारायचे, "अब्बा, इतकी वर्षं राहिलात, मग तुम्ही तिथलेच का नाही?" ते म्हणायचे, "बेटा, नमाजला आम्ही एकाच सफेत उभे राहतो. पण इकामा कफिलाच्या हातात."

ते परत आल्यावर दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, सौदीने कायम वास्तव्याची योजना आणली. किंमत ८ लाख रियाल. अब्बांचा शेवटचा पगार १२०० रियाल. एक रियालही खर्च न करता त्यांना साडेपंचावन्न वर्षं राबावं लागलं असतं! कतारने २०१८ मध्ये कायदा केला: २० वर्षांचं वास्तव्य हवं, पुरेसं उत्पन्न हवं, अरबी यायला हवी, आणि वर्षाला अशी कार्डं फार तर १००. अमिरातीचा गोल्डन व्हिसा गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ अशांसाठी आहे. तोही मुदतीचाच, फक्त मुदत लांब.

आखातात सुधारणा झाल्याच नाहीत, असं मी म्हणणार नाही. कतारमध्ये २०२० पासून मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते. सौदीत मार्च २०२१ पासून अनेक कामगारांना देशाबाहेर जायला मालकाची सही लागत नाही. पण घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्यातून वगळले गेले. आणि यातल्या कुठल्याही सुधारणेने गवंड्याला किंवा वेटरला तिथे कायम राहण्याचा हक्क दिला नाही. सिंगापूरमध्येही हेच. वर्क परमिटवरच्या मजुराला तिथल्या नागरिकाशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागते.

मग रस्ता कुठे आहे? दोन उदाहरणं देते.

जपानने एप्रिल २०१९ मध्ये बांधकाम, शेती, हॉटेल, वृद्धसेवा अशा कामांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. भारताशी त्याचा करार २०२१ मध्ये झाला. कामाची आणि जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या टप्प्यात एकूण ५ वर्षं मिळतात, पण कुटुंब नेता येत नाही. बांधकाम, शेती, हॉटेल अशा कामांत वरची परीक्षा पास झालात की दुसरा टप्पा: व्हिसा कितीही वेळा वाढवता येतो, जोडीदार आणि मुलं सोबत येतात. साधारण १० वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. मात्र कामाच्या व्हिसावरची जी ५ वर्षं दाखवावी लागतात, त्यात पहिला टप्पा धरत नाहीत. म्हणजे पहिल्याच टप्प्यावर थांबलात, तर तुमचीही गत अब्बांसारखीच.

जर्मनीत सर्वसाधारण मार्ग असा: ५ वर्षं कायदेशीर वास्तव्य, ६० महिने पेन्शनची वर्गणी, बी-१ पातळीची जर्मन आणि स्वतःच्या कमाईवर घर चालवण्याची ऐपत.

इथे धनाढ्य असण्याची अट नाही. भाषा, परीक्षा आणि कागदपत्रं यांची आहे. ती आपल्या आवाक्यातली आहे, म्हणूनच मी हे बोलतेय.

परवा माझा मावसभाऊ व्हिसा घेऊन घरी आला. मी त्याला चार प्रश्न विचारले. या व्हिसावर कुटुंब नेता येईल का? मालक बदलता येईल का? इथली वर्षं कायम वास्तव्यासाठी मोजली जातात का? परत आल्यावर हातात काय राहील? त्याला फक्त पगार माहीत होता. एजंटने तेवढंच सांगितलं होतं.

जाऊ नका, असं मी म्हणत नाही. अब्बांच्या रियालवरच मी शिकले. पण एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. त्याची फी कायद्याने ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. प्रवासी भारतीय बीमा योजनेत १० लाखांचा विमा २७५ रुपयांत दोन वर्षं मिळतो. आणि आखातातच जायचं असेल, तर परत येण्याची तारीख मनात धरूनच जा.

शेवटचं एक. आपल्या रत्नागिरीच्या आंबाबागांत आणि मच्छीमार बोटींवर नेपाळी माणसं राबतात. त्यांची मजुरी वेळेवर मिळते का? त्यांची मुलं शाळेत जातात का? अब्बांसाठी जे मागावंसं वाटतं, ते आपण त्यांना देतो का? परत जाताना रस्त्यात एखादा भेटेल, त्याला निदान नाव तरी विचारा.